साठेबाजाचे आठ डबे

त्याचं साठेबाज हे नाव बायकोने ठेवलं, आणि रागाने ठेवलं, हे आधीच सांगितलेलं बरं. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. केर काढायला ती पलंगाखाली वाकली आणि तिच्या हाती बुटांचं एक खोकं लागलं. जुनी प्रेमपत्रं असणार म्हणून धडधडत्या छातीने तिने झाकण उघडलं, तर आत सतरा चार्जर. सतराही फोन कधीच वारलेले.

"हे कशाला ठेवलंत?"

"लागतात."

"कुणाला लागतात? फोन मेलेत ना?"

"फोन मेलेत. चार्जर चांगले आहेत."

"याच्यापेक्षा प्रेमपत्रं परवडली असती," असं ती पुढे महिनाभर जिन्यात भेटेल त्याला सांगत होती. नाव तेव्हा पडलं ते पडलंच. आज तो बावन्न वर्षांचा आहे. त्याच्या घरात किल्ली हरवलेल्या कुलपांचा एक डबा आहे आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्यांचा दुसरा. दोन्ही डबे गेली वीस वर्षं एकाच फळीवर शेजारीशेजारी आहेत, पण त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी असं त्याला कधी सुचलेलं नाही.

असा हा माणूस वसाहतीला इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत मुख्य तंत्रज्ञ होता. कंपनी म्हणजे लॉन्ड्रीच्या वरची एक खोली, आणि मुख्य म्हणण्याइतके तंत्रज्ञ तिथे नव्हतेच. बाविसाव्या वर्षी तो शिडी घेऊन खांबांवर चढायला लागला. मग नऊ वर्षं त्याला तक्रारीच्या फोनवर बसवलं. त्या नऊ वर्षांत त्याने दिवसाला साठ वेळा "बंद करून परत चालू करा" म्हटलं. एकदा बायको रुसून बोलेनाशी झाली, तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघालं. त्यानंतर ती आणखी चार दिवस बोलली नाही. पुढे तो तारा, दिवे आणि पंख्यांच्या घरघरीत परत आला, तेव्हा त्याने कानाला खडा लावला की मरेन, पण त्या फोनवर पुन्हा बसणार नाही.

वसाहत उतारावर आहे. एका रस्त्याच्या कडेला वरपासून खालपर्यंत आठ इमारती, अकराशे घरं. बाहेरच्या जगातून नेट येतं ते पुलाखालून आलेल्या एका लाइनवरून. संध्याकाळी सगळे घरी आले की त्या लाइनीचा श्वास कोंडायचा आणि अकराशे घरांत ते गोल चक्र फिरत बसायचं.

साठेबाज ऑफिसच्या स्क्रीनवर हे रोज बघायचा, आणि त्याचा जीव कासावीस व्हायचा. लोकांची गैरसोय होते म्हणून नव्हे, लोकांची त्याला सवय होती. त्याचं काळीज वेगळ्याच गोष्टीने तुटायचं. एखादी मालिका, एखादं गाणं, एखादा मांजराचा व्हिडिओ वसाहतीत गाजला की तोच व्हिडिओ पुलाखालून दिवसातून सातशे वेळा यायचा. सातशे वेळा आणायचा, आणि दाखवून झाला की सातशे वेळा टाकून द्यायचा!

"टाकून देतात, आई!" त्याने घरी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या आणि दिवसाचे चार तास जिन्यात बसायच्या. "चांगली, धडधाकट वस्तू. एकदा आणली तर ठेवायला नको?"

"तुम्हाला कुणी विचारलं नाही वाटतं, जावईबापू?"

त्याला कुणीच विचारलं नव्हतं, म्हणून त्याने आपणहून योजना लिहिली. प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली एक डबा ठेवायचा, असे आठ डबे. आलेल्या गोष्टीची प्रत डब्यात ठेवायची. कुणाला काही हवं असेल तर ते अमुक ठिकाणाहून आण असं म्हणायचंच नाही, नुसतं नाव सांगायचं की मला हे हवंय. आपल्या जिन्याखालच्या डब्यात असेल तर तिथूनच मिळेल. नसेल तर तो डबा वरच्या इमारतीतल्या डब्याला विचारेल, तो त्याच्या वरच्याला. कुणाकडेच नसेल, तरच पहिल्या इमारतीतला डबा पुलापलीकडे हात पसरेल.

सासूबाईंनी हे ऐकलं, सुपारीचा तुकडा या गालातून त्या गालात नेला आणि म्हणाल्या, "म्हणजे चहाडी."

"चहाडी नाही, आई. हे तंत्रज्ञान आहे."

"तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचं लग्न का मोडलं, हे कळायला तिसऱ्या मजल्यावर कोण गेलं होतं? मी दुसऱ्या मजल्यावर विचारलं. तिला पहिल्यावरच्या शिक्षिकेने सांगितलं होतं. ज्याला ठाऊक त्याने सांगायचं, मुळाशी जायचं कारण काय? तीस वर्षं आम्ही हेच करतोय, कुणी पगार दिला नाही." मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण मधल्या मधे कुणी मीठमसाला लावला तर?"

"लावता येत नाही. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचं सील असतं. सील जुळलं नाही तर डबा तो तुकडा घेतच नाही."

"मग आमच्यापेक्षा बरं आहे," सासूबाईंनी मोठ्या मनाने मान्य केलं. "पण मजा नाही."

कंपनीच्या मालकीणबाई आठव्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. बोलणं कमी, आणि बोलल्या की समोरच्याला खुर्ची शोधावी लागे. त्यांनी योजना दोनदा वाचली.

"रविवारी चार वाजता तुमच्या पुतणीची फायनल आहे ना?"

"हो."

"अख्खी वसाहत एकाच वेळी बघणार. ती न अडकता दिसली तर डबे राहतील. अडकली तर सोमवारी आठही डबे काढायचे."

"आणि मी?"

"तक्रारीच्या फोनवरची मुलगी नोकरी सोडून चाललीय," मालकीणबाई म्हणाल्या. पुढचं त्याने खुर्ची शोधून ऐकलं.

आता पुतणीबद्दल. तिला सगळे टकटक म्हणतात, कारण तिने लहानपण जिन्याच्या भिंतीवर चेंडू मारण्यात घालवलं. सकाळी टकटक, दुपारी टकटक. सासूबाईंनी तिच्यापायी झाडूच्या तीन दांड्या कठड्यावर आपटून मोडल्या. आणि तीच पोर आता समुद्रापलीकडे, टेबल टेनिसच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली होती. ज्यांनी ज्यांनी तिला हाकललं होतं, ते सगळे आता आपल्याच भिंतीवर ती शिकली असं सांगत होते.

रविवारी साडेतीनलाच साठेबाज पहिल्या इमारतीच्या जिन्याखाली लॅपटॉप घेऊन बसला. वर त्याच्या घरी सासूबाई, बायको, थोरला भाऊ आणि वहिनी टीव्हीसमोर. चार वाजले. चित्र आलं. अकराशे घरांत एकदम आलं, आणि गोल चक्र कुठेच नाही! स्क्रीनवर पुलाखालच्या लाइनीची रेघ बघून त्याला गुदगुल्या झाल्या. एरवी आभाळाला भिडणारी ती रेघ आज जमिनीलगत शांत झोपली होती. पुलाखालून एकच प्रत येत होती आणि उतारावरून डब्याडब्यातून अकराशे घरांत चालली होती. त्या अंधाऱ्या, डासांच्या कोपऱ्यात, मीटरच्या पेट्यांना साक्षी ठेवून, मुख्य तंत्रज्ञ दोन्ही हात वर करून थोडासा नाचला. वरून मांजर बघत होतं. ते उठून गेलं.

टकटकने पहिला पॉइंट घेतला आणि वरच्या मजल्यांवर आरोळी उठली. थोड्या वेळाने दुसऱ्या इमारतीतून आरोळी आली. मग तिसरीतून. मग चौथीतून, आणखी लांबून. लाट उतारावरून खाली जावी तशी ती आठवीपर्यंत गेली. किती छान, असं त्याला वाटलं. दुसऱ्या पॉइंटला पुन्हा तसंच झालं. तिसऱ्याला मात्र त्याने घड्याळ बघितलं. आनंदाला उतारावरून चालत जायची काय गरज?

लगेच उत्तरही सापडलं. ते त्यानेच तिथे ठेवलं होतं.

थेट सामना येतो तो छोट्या छोट्या तुकड्यांत, आणि सोबत येते एक यादी: या घटकेला सगळ्यात ताजा तुकडा कोणता. तुकडा खुशाल साठवावा, तो कधी बदलत नाही. यादी मात्र आली की वापरून टाकून द्यायची, कारण ती क्षणात शिळी होते. हे त्याला स्वतःच्या जन्मतारखेइतकं पाठ होतं. पण डब्यांना 'यादी ठेवू नका' असं लिहून द्यायची वेळ आली, तेव्हा त्याचा हात अडखळला. आलेली वस्तू हातात पडताक्षणी फेकायची? एकदम? 'असू दे पंधरा सेकंद,' असं मनाशी म्हणून त्याने पंधरा लिहिले. पहिला डबा पंधरा सेकंद जुनी यादी धरून बसला. दुसऱ्याने ती जुनी यादी घेतली आणि वर आपले पंधरा घातले. तिसऱ्याने आपले. आठव्या इमारतीपर्यंत सामना पुरता दोन मिनिटं शिळा झाला होता.

तिकडे सातव्या इमारतीत राहणाऱ्या शिंपीमामांचं नशीब फळफळलं होतं. त्यांनी खिडकीतून सहाव्या इमारतीकडे कान लावले आणि घरात जाहीर करायला सुरुवात केली. "हा आपला." आणि तो पॉइंट आपला! "हा गेला." गेला! लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे आदराने पाहिलं, म्हणतात.

सामना पाचव्या, शेवटच्या गेमपर्यंत गेला. नऊ-नऊ झाले आणि साठेबाजाचा फोन वाजला.

"माझ्या घरी ती अजून घाम पुसतेय," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि वरच्या इमारतींतले लोक तिच्या नावाने ओरडतायत. हे काय चाललंय?"

"जरा ताजेपणा कमी पडतोय..."

"भाजी आहे का ती? लॅपटॉप घेऊन माझ्याकडे या. आत्ता."

तो पळाला. उतारावरून, एका हातात उघडा लॅपटॉप, दुसऱ्या हाताने सुटत चाललेली पॅन्ट सांभाळत. पोटाच्या घेरामुळे त्याला एक इमारत ओलांडायला बरोब्बर पंधरा सेकंद लागत होते. दुसऱ्या इमारतीसमोर आला तर आतून "अरे उचल, उचल, उचल!" तिसरीसमोर आला तर "अरे उचल, उचल, उचल!" चौथीसमोरही तेच, त्याच चेंडूला, त्याच घाईने. तो जिवाच्या आकांताने धावत होता आणि सामना एक इंचही पुढे सरकत नव्हता. पाचवीपाशी तर त्यालाच वाटलं, उचलला नाही का अजून? रस्त्याच्या कडेला बसलेल्या न्हाव्याने ओरडून विचारलं, "काय हो, आग लागली का?"

"शिळं झालंय!" तो धापा टाकत म्हणाला आणि गेला. न्हाव्याने गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "उन्हाचा त्रास होतो काहींना."

आठव्या इमारतीचे चार जिने चढून तो मालकीणबाईंच्या दिवाणखान्यात पोचला तेव्हा त्याच्या तोंडून शब्दाऐवजी शिटी निघत होती. टीव्हीवर दहा-दहा झाले होते.

"नीट करा," मालकीणबाई म्हणाल्या. "मला शेजाऱ्यांआधी नको, पण शेजाऱ्यांबरोबर तरी दिसू दे."

करणं सोपं होतं. आठही डब्यांना एकच आज्ञा द्यायची, यादी टाका, की सगळे एका उडीत ताज्या तुकड्यावर. त्याने आज्ञा लिहिली. बोट बटणावर ठेवलं. आणि स्क्रीनवरची पुलाखालची रेघ लाल झाली.

लाइन गेली होती. कमी झाली नव्हती, मंदावली नव्हती, पार मेली होती. साठेबाजाची पाचावर धारण बसली. बाहेरून आता काहीही येणार नव्हतं. पहिल्या डब्यात जे काही येऊन पडलं असेल तेवढाच सामना शिल्लक होता. तो कुठपर्यंत होता कुणास ठाऊक!

"दाबा की," मालकीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात उताराच्या टोकावरून, पहिल्या इमारतीकडून, आजवरची सगळ्यात मोठी आरोळी आली. आणि मागोमाग त्याच्या फोनवर सासूबाई. त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, हे वसाहतीला माहीतच होतं.

"जावईबापू!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की त्याने फोन कानात खुपसून त्यांचा आवाज डोक्यातच कोंडला. "जिंकली! पोर जिंकली! दोन्ही हात वर केले, आणि चित्र तसंच थिजलं!"

साठेबाजाने तोंडावरची रेषही हलू दिली नाही.

"कोण आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सासूबाई. येताना काय आणू म्हणून... म्हणजे, मी काय आणू."

आता त्याच्यासारखा पेचात सापडलेला माणूस त्या घटकेला दुसरा नसेल. पुतणी जिंकलेली. ते जिंकणं जिन्याखालच्या डब्यात जपून ठेवलेलं. बटण दाबलं तर आठवी इमारत एका उडीत थिजलेल्या चित्रावर जाणार, शेवटचे पॉइंट गिळले जाणार, सामना अडकणार, आणि सोमवारी आठ वाजता तक्रारीचा फोन. नाही दाबलं, तर ते जिंकणं एकेक इमारत उतरत, पंधरा पंधरा सेकंदांनी, आपल्या पायांनी इथवर येणार.

"दाबा म्हटलं ना!"

"मालकीणबाई," तो म्हणाला, "थोडं राहू द्या."

"काय राहू द्या?"

"आहे ते. शिळं आहे, पण चांगलं आहे."

दुसऱ्या इमारतीने आरोळी ठोकली. मग तिसरीने. मालकीणबाईंनी कान टवकारले. "हे लोक काय जिंकल्यासारखे ओरडतायत की हरल्यासारखे?"

"आपल्या लोकांचं काही सांगता येत नाही," साठेबाज म्हणाला. गुदगुल्या होत असताना लहान मुलं नाक दाबून बसतात तसा तो बसला होता. चौथी इमारत. हसू ओठांपर्यंत आलं, त्याने ते आवंढ्याबरोबर गिळलं. पाचवी. मालकीणबाई टीव्ही सोडून त्याच्याच चेहऱ्याकडे बघायला लागल्या.

"तुम्हाला काहीतरी कळलंय."

"मला? मला कधी काय कळतं?"

हे मात्र त्यांना पटलं. सहावी इमारत गरजली. तेवढ्यात साठेबाजाला पळत येताना सातवीच्या खिडकीत कान लावून बसलेले दिसलेले शिंपीमामा आठवले. तो उडी मारून खिडकीशी गेला. समोरच्या खिडकीत शिंपीमामा कमरेपर्यंत बाहेर लटकून, दोन्ही हातांचा कर्णा करून, आठव्या इमारतीला भविष्य सांगायच्या बेतात होते. त्यांनी तोंड उघडलं आणि साठेबाजाने खिडकी धाडकन लावली. पडदाही ओढला.

"डास," तो म्हणाला.

मालकीणबाईंचा फोन वाजला. पलीकडे मोठ्या कंपनीचा माणूस होता, तीच कंपनी जी पुलाखालून लाइन देते. "ताई, माफ करा. पुलाजवळ कुणीतरी खोदलं आणि तुमची लाइन तुटली. आमच्याकडे नोंद आहे, पावणेदोन मिनिटं झाली, तुमच्या वसाहतीत काहीच पोचत नाहीये."

मालकीणबाईंनी टीव्हीकडे पाहिलं. टकटक सर्व्हिस करत होती.

"काय पोचत नाहीये?"

"काहीच नाही, ताई. सगळं बंद."

"अहो, माझ्यासमोर मॅच चालू आहे!"

"शक्य नाही, ताई."

"शक्य नाही काय? आत्ता तिने चेंडू... थांबा जरा, बोलू नका... अरे! अरे, अरे, अरे!" आणि ज्यांच्यासमोर माणसं खुर्च्या शोधत, त्या मालकीणबाई स्वतःच्या खुर्चीवर चढल्या. टकटकने दोन्ही हात वर केले. खालच्या मजल्यांवर भिंती हादरतील असा गजर झाला. आणि चित्र थिजलं.

"हां, आता बंद झालं," मालकीणबाईंनी फोनमध्ये शांतपणे सांगितलं. "तुमची नोंद दुरुस्त करून घ्या." मग त्या खुर्चीवरूनच साठेबाजाकडे वळल्या. "लाइन नव्हती. मग हे आलं कुठून?"

"सातव्या इमारतीकडून."

"तिला कुणी दिलं?"

"सहावीने. सहावीला पाचवीने."

मालकीणबाईंनी मनातल्या मनात अख्खा उतार चढून पाहिला. "आणि वरचे लोक ओरडत होते तेव्हाच, ती जिंकली हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तोंड बंद ठेवलंत? या वसाहतीत?" डब्यांपेक्षा त्यांना याचंच जास्त आश्चर्य वाटलेलं दिसलं. त्या खाली उतरल्या. "डबे राहतील. फोनवर दुसरं कुणीतरी बघते मी. पण ती यादी... किती सेकंद ठेवता तुम्ही ती?"

"पंधरा."

"आता किती ठेवणार?"

त्याने बराच विचार केला. "पाच?"

"साठेबाज!"

"एक?"

मालकीणबाई पुन्हा खुर्चीवर चढतील की काय असं वाटलं. त्याने डोळे मिटले आणि शून्य लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने एखादी वस्तू हातात आल्या आल्या टाकायचं कबूल केलं. दात काढताना होतो तसा चेहरा झाला होता, असं मालकीणबाईंनीच नंतर सांगितलं. आज्ञा मात्र त्याने लाइन जुळेपर्यंत पाठवली नाही.

घरी परतायला त्याला अर्धा तास लागला, कारण प्रत्येक इमारतीने त्याला अडवून पाठ थोपटली. शिंपीमामांनी तेवढी थोपटली नाही. घरात शिरला तर सगळे टीव्हीसमोर तसेच बसलेले. पुलाजवळ माणसं तारा जोडत होती, आणि पडद्यावर टकटक दोन्ही हात वर करून उभी होती. वसाहतीत एकाही घराने टीव्ही बंद केला नव्हता. बायकोने त्याच्यासाठी जागा केली आणि दोन महिन्यांची नवरी असताना बघायची तसं त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे खोकं उघडण्याआधी बघायची तसं.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि कुणी बघितलं नाही ना याची खात्री करून घेतली.

"पाऊण तास झाला हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तिला सांगा कुणीतरी, हात खाली घे म्हणावं. दमेल पोर."